एक मिलिमीटरच्या माशीचे वर्णन लिहिताना: स्टिरिओ मायक्रोस्कोपचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी ७ ते ४५ पट वर्धनाचा, छायाचित्रासाठी तिसरी नळी असलेला एक स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप विकत घेतला. आता चतुर्थी तोंडावर आली आहे. म्हणजे थंडी, उन्हाळा आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला पावसाळा हे तिन्ही या यंत्राने सोसले आहेत आणि त्याच्याविषयी खात्रीने काही लिहावे एवढा त्याचा सहवास झाला आहे. उच्च माध्यमिक विद्यालयात मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. पण तिथले सूक्ष्मदर्शक कांद्याच्या पापुद्र्यासाठी आणि तयार काचपट्ट्यांसाठी होते. आख्खा कीटक जसा आहे तसा, दोन्ही डोळ्यांनी, त्याच्या उंचसखलपणासकट पाहण्याची सोय तिथे नव्हती, आणि ती निवृत्तीनंतर स्वतःच्या घरी करावी हे फार दिवस मनात होते.

निमित्त मात्र कुळागरातच, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेतच, मिळाले. केरीजवळ, अंजुणे धरणाच्या खालच्या अंगाला आमच्या पोफळी आणि माड आहेत, आणि बांधावरच्या जुन्या आंब्यावर काळ्या मुंग्यांचे नारळाएवढे घरटे आहे. चघळलेल्या लाकडाच्या आणि पानांच्या लगद्याचे हे घरटे हाताला जाड पुठ्ठ्यासारखे लागते. या मुंग्यांना डिवचले की त्या बदामी आकाराचे उदर पाठीवर उचलून धावू लागतात. क्रिमॅटोगॅस्टर हे त्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव. गेल्या वर्षी नारळ पाडायला आलेल्या पाडेल्याने माडावरून उतरता उतरता मला हाक मारली आणि विचारले, "मास्तर, ह्या मुंग्यांवर ही कसली धूळ उडते आहे?" ती धूळ नव्हती. जवळ जाऊन पाच मिनिटे स्थिर उभा राहिलो, तेव्हा ते कण एकेका मुंगीच्या मागोमाग सरकत आहेत, मध्येच झेप घेत आहेत, पुन्हा मागे हटत आहेत, हे दिसू लागले. दहापट हातभिंगातून पाठीवर कुबड असलेली चिलटे ओळखू आली, यापलीकडे काहीही नाही.

कुबड्या पाठीच्या या माश्यांचे कुळ फोरिडी. (वर्तमानपत्रांत कुळाखालच्या दोन्ही पायऱ्यांना सरसकट प्रजाती म्हटले जाते, मी इथे शाळेच्या पुस्तकाप्रमाणे कुळ, प्रजाती आणि जाती हाच क्रम पाळला आहे.) जगातली सर्वांत लहान माशी म्हणून आजवर ज्या दोन जातींची नावे पुढे आली, त्या दोन्ही याच कुळातल्या आहेत. थायलंडमधील युरिप्लेटिया नानकनिहाली या जातीचे वर्णन ब्रायन ब्राउन या अभ्यासकाने २०१२ साली प्रसिद्ध केले. तिची लांबी ०.४ मिलिमीटर. याच प्रजातीतली आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनीमध्ये सापडलेली दुसरी जाती क्रिमॅटोगॅस्टर मुंग्यांवर परजीवी म्हणून जगते. त्यावरून थायलंडची माशीही मुंग्यांच्याच शरीरात वाढत असावी, असा तर्क ब्राउन यांनी केला. पुढे २०१८ साली त्यांनीच ब्राझीलमधील ॲमेझॉन खोऱ्यातली मेगाप्रोपोडिफोरा अर्नोल्डी ही जाती वर्णिली. तिची लांबी ०.३९५ मिलिमीटर, पंखांचे नुसते खुंट, मधले आणि मागचे पाय आक्रसलेले आणि पुढचे पाय मात्र पैलवानाच्या दंडासारखे फुगलेले असल्यामुळे तिला अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे नाव मिळाले. ही दोन वर्णने वाचली, बांधावरच्या आंब्यावरची क्रिमॅटोगॅस्टरची वारुळवजा गाठ रोज डोळ्यांसमोर होती, आणि हातभिंग अपुरे पडत होते. मी नवी जाती शोधली आहे असे मुळीच म्हणत नाही. अशा माशीचे वर्णन लिहायला बसलो तर हे यंत्र माणसाला कुठपर्यंत नेते, एवढेच मला पारखायचे होते, आणि या परीक्षणाचा विषयही तेवढाच आहे.

यंत्र हरियाणातील अंबाला येथून आले. प्रयोगशाळेच्या उपकरणांचे ते जुने केंद्र आहे आणि याच मापांचा, जवळजवळ याच साच्यातला मायक्रोस्कोप तिथून अनेक नावांनी विकला जातो, म्हणून माझ्या यंत्रावरचे नाव देण्याऐवजी त्याची मापेच देतो. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे वरचे भिंग, १० पट. खालचे झूम भिंग ०.७ ते ४.५ पट, म्हणून एकूण वर्धन ७ ते ४५ पट. सोबत २ पटीचे जोडभिंग वेगळे पैसे देऊन घेतले. ते खाली बसवले की वर्धन १४ ते ९० पट होते. नेत्रिकेचा क्षेत्रांक (तिच्यातून दिसणाऱ्या वर्तुळाचे मिलिमीटरमधले माप) २० असल्याने ७ पटीवर सुमारे साडेअठ्ठावीस मिलिमीटरचे वर्तुळ दिसते, ४५ पटीवर सुमारे ४.४ मिलिमीटरचे आणि ९० पटीवर फक्त २.२ मिलिमीटरचे. वरून आणि खालून एलईडी प्रकाश आहे. सगळे मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत राहिला.

पेटी उघडून प्रथम पाहिले तेव्हा मात्र माझी निराशा झाली. एक-एक डोळा मिटून पाहिले की दोन्ही बाजूंचे चित्र स्वच्छ दिसे. दोन्ही डोळे उघडले की दोन चित्रे एकमेकांवर बसत नसत, डावे किंचित वर राही. डोळ्यांतले अंतर जुळवून झाले, नेत्रिकेवरची दृष्टिदोषाची कडी फिरवून झाली, तरी फरक पडेना, आणि वीस मिनिटांत कपाळ दुखू लागे. वाहतुकीतल्या धक्क्याने आतल्या लोलकांची जुळणी सरकली होती. विक्रेत्याने आधी संपूर्ण यंत्र परत पाठवण्यास सांगितले. मी नेत्रिकेवर मोबाईल टेकवून दोन्ही बाजूंच्या चित्रफिती काढून पाठवल्या, तेव्हा त्यांनी दोष मान्य केला आणि केवळ वरचे डोके बदलून दिले. त्यात तीन आठवडे गेले आणि जुने डोके परत पाठवण्याचा कुरिअरचा खर्च माझ्यावरच पडला. जो दोष ग्राहकाने केलेला नाही त्याचा भुर्दंड त्याने का सोसावा, हे मला आजही पटलेले नाही. बदलून आलेले डोके मात्र निर्दोष आहे. जो कोणी असे यंत्र मागवेल त्याने पहिल्याच दिवशी एक सोपी परीक्षा करावी: आलेखाचा कागद खाली ठेवावा, कमाल वर्धनावर एक चौकोन मधोमध आणावा आणि झूम फिरवत किमान वर्धनापर्यंत यावे. एक-एक डोळा मिटून पाहताना दोन्ही बाजूंना चौकोन मधोमधच राहिला आणि पुसट झाला नाही, तर जुळणी ठीक आहे.

दुसरी तक्रार किरकोळ, पण रोजची होती. २ पटीचे जोडभिंग लावले की डोक्याचे वजन वाढते आणि ते आपोआप हळूहळू खाली उतरू लागते. माशी स्पष्ट दिसू लागावी आणि मोजमाप लिहून मान वर करेपर्यंत ती धूसर व्हावी, असे पहिले पंधरा दिवस चालले. दोन्ही बाजूंच्या गोल मुठी एकमेकींच्या उलट दिशेने पिळल्या की त्यांची पकड घट्ट होते, ही गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेली नाही. ती कळल्यापासून यंत्र जिथल्या तिथे राहते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्याकडच्या कुप्यांपैकी १७ क्रमांकाच्या कुपीत, घरट्याजवळ बारीक कुंचल्याने टिपलेली एक मादी आहे. तिचे वर्णन सरावासाठी म्हणून मी मराठीत लिहायला घेतले आणि स्वतःला एक नियम घालून घेतला. जे वाक्य या यंत्रातून पाहून निःशंकपणे लिहिता येईल ते पेनने लिहायचे, आणि जिथे डोळ्यांना शंका राहील ते पेन्सिलीने. मायक्रोस्कोपची पारख वर्धनाच्या आकड्यावरून न करता या दोन रंगांवरून करावी, असे माझे मत झाले आहे.

पहिली अडचण माशी स्थिर ठेवण्याची होती. या माश्या मऊ अंगाच्या असतात; टाचणीवर वाळवल्या की सुकलेल्या मनुकेसारख्या आक्रसतात आणि पाहण्याजोगे काही उरत नाही, म्हणून त्या सत्तर टक्के मद्यार्कातच ठेवाव्या लागतात. (नमुने फेणीत ठेवले तर चालणार नाही का, असे मला गावात दोघांनी विचारले. फेणीत मद्यार्काचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या बरेच खाली असते; त्यात माशी टिकत नाही.) पण मद्यार्काच्या बशीत माशी तरंगते, फिरते, आणि वरच्या एलईडीचे पांढरे प्रतिबिंब नेमके तिच्या पाठीवर पडते. करोनाच्या काळात घेतलेली हात निर्जंतुक करण्याच्या पारदर्शक जेलची बाटली घरात पडून होती. त्या जेलचा एक थेंब काचेच्या बशीत टाकून त्यात माशी बुडवली, माडाच्या हिराच्या टोकाला बसवलेल्या बारीक सुईने तिची कूस वळवली, वरून मद्यार्क ओतला, आणि ती हव्या त्या कोनात खिळल्यासारखी राहिली. प्रकाशासाठी यंत्रासोबत आलेला वरचा दिवा मी आता वापरतच नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या पेल्याचा तळ कापून तो माशीभोवती उपडा ठेवतो आणि बाहेरून दोन साधे टेबलदिवे सोडतो. प्रकाश गाळून सर्व बाजूंनी सारखा येतो आणि काळ्या अंगावरची चकाकी नाहीशी होते. ज्या दिवशी हा पेला ठेवला त्या दिवशी त्याच यंत्रातून, त्याच वर्धनावर, जणू वेगळीच माशी दिसली. जिथे आधी काळा चकचकीत गोळा होता तिथे तपकिरी वक्ष, त्यावर मागच्या दिशेला झुकलेल्या बारीक केसांच्या ओळी, आणि वक्षाच्या बाजूला पंखाच्या मुळामागे लिंबाच्या बीएवढ्या आकाराचा भासणारा फिकट पिवळा संतुलक दिसला. माश्यांच्या मागच्या पंखांचे रूपांतर ज्या दोन गदांसारख्या अवयवांत झालेले असते त्यांपैकी तो एक होता. इतकी वर्षे मी फळ्यावर तो अवयव काढत आलो होतो. प्रत्यक्ष पाहिला तो त्या दुपारी.

पेनने लिहिलेली वाक्ये अशी आहेत. वक्ष फुगलेला, डोके खाली झुकलेले, म्हणून बाजूने पाहता पाठीवर कुबड दिसते. पंखाच्या पुढच्या कडेला मुळाकडच्या भागात जाड शिरा एकवटल्या आहेत आणि उरलेल्या पंखातून चार पुसट शिरा तिरक्या जातात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा नाहीत. मागच्या पायाची मांडी रुंद आणि चपटी आहे. एवढ्या खुणांवरून कुळ फोरिडी हे शंकेपलीकडे ठरते, आणि त्यासाठी ४५ पट वर्धन पुरेसे आहे. पंखाच्या शिरांसाठी खालचा दिवा अप्रतिम आहे, हे मुद्दाम सांगतो. या यंत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत चांगली गोष्ट तीच. पंख पसरून खालून प्रकाश सोडला की शिरांची आखणी पिंपळाच्या जाळीदार पानासारखी स्पष्ट होते.

मोजमापही पेनने लिहिले. नेत्रिकेत १० मिलिमीटरचे १०० भाग केलेली काचपट्टी बसवता येते. ती स्वतंत्र घ्यावी लागते, पण ती घेतल्याशिवाय हे यंत्र अपुरे आहे असे मी म्हणेन. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली दुसरी पट्टी खाली ठेवून प्रत्येक वर्धनावर तिचे मोल ठरवून घेतले. ९० पटीवर नेत्रिकेतला एक भाग म्हणजे सुमारे ०.०११ मिलिमीटर. माझी माशी त्या मापाने १.१ मिलिमीटर भरली. ब्राउन यांची ०.४ मिलिमीटरची माशी या पट्टीवर सुमारे ३६ रेघा व्यापेल. त्याउलट ७ पटीवर ती पुऱ्या तीन रेघाही भरणार नाही. हा हिशेब करून पाहिला तेव्हा ०.४ मिलिमीटर म्हणजे काय ते मला प्रथम नीट उमगले. एक सूचना: झूमच्या चाकाला ठरावीक वर्धनांवर अडकणारे खटके असतील असेच यंत्र घ्यावे. माझ्या यंत्राला ते आहेत. खटके नसले तर चाक दर वेळी किंचित वेगळ्या जागी थांबते आणि केलेले मोजमाप विश्वासाचे राहत नाही.

पेन्सिल सुरू झाली ती केसांपाशी. फोरिडी कुळात जाती ओळखण्याचा बराच भार राठ केसांवर असतो. ते किती आहेत, कुठे उगवले आहेत आणि कोणत्या दिशेला झुकले आहेत, हे सगळे नोंदवावे लागते. याच कुळातली मेगासेलिया ही प्रजाती त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिच्या वर्णिलेल्या जातींची संख्या दीड हजाराच्या वर आहे आणि त्यांची विभागणी करताना पहिले प्रश्नच असे विचारले जातात: वक्षाच्या बाजूची ढाल उघडी आहे की केसाळ? वक्षाच्या मागच्या टोकाच्या त्रिकोणी ढालीवर राठ केस दोन आहेत की चार? पंखाच्या पुढच्या कडेची शीर पंखाच्या अर्ध्या लांबीपेक्षा मोठी आहे की लहान? चैत्रात काजूच्या बोंडांच्या चोथ्यावरून धरलेली मेगासेलिया मी या प्रश्नांसाठी पाहिली. शिरेचा प्रश्न लगेच सुटला. त्रिकोणी ढालीवरचे दोन मोठे केस दिसले. पण त्यांच्या पुढच्या बाजूला आणखी दोन बारीक केस आहेत की नुसती लव आहे, हे ९० पटीवर अर्धा तास खपूनही ठरवता आले नाही. कारण सरळ आहे. अशा यंत्राच्या भिंगाची छिद्रक्षमता कमी असते, आणि तीन-चार सहस्रांश मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. जोडभिंगाने त्यात सुधारणा होते, पण पुरेशी नाही. केस दिसतो, केसाच्या मुळाशी असलेली कडीसारखी खोबण दिसत नाही. आणि खोबण दिसल्याशिवाय तो राठ केस आहे की लव, हे खात्रीने म्हणता येत नाही.

म्हणूनच आंतरजालावर हजार-दोन हजार पट वर्धनाच्या नावाने जी स्वस्त डिजिटल यंत्रे विकली जातात, त्यांना कोणी भुलू नये असे मी कळकळीने सांगतो. चित्र पडद्यावर ताणून मोठे केले तरी खोबण उमटत नाही. जे भिंगाला दिसले नाही ते पडद्याला कुठून दिसणार? माझ्या यंत्राच्या तिसऱ्या नळीवर बसणारा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा मी घेतला आहे. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नोंदीसाठी तो ठीक आहे. वेगवेगळ्या खोलीवर वीस-पंचवीस चित्रे काढून ती संगणकावर एकत्र केली की माशी नखशिखान्त स्पष्ट येते आणि दुसऱ्या अभ्यासकाला पाठवण्याजोगे छायाचित्र तयार होते. पण मूळ निरीक्षण डोळ्यांनीच करावे.

पावसाळ्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण उत्तरेत बनलेल्या यंत्राची खरी परीक्षा आमच्याकडे आषाढात होते. घाटाच्या पायथ्याला किनाऱ्यापेक्षा पाऊस बराच जास्त पडतो, भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव चढते, आणि भिंगांवर बुरशीचे जाळे एकदा चढले की ते साफ करताना भिंगावरचा लेपही जाण्याची भीती असते. सोबत आलेले रेक्झिनचे आच्छादन गोव्याच्या पावसात उपयोगाचे नाही. उलट ते ओल आत कोंडून ठेवते. मी ते काढून टाकले. जूनच्या पहिल्या सरीबरोबर यंत्राचे डोके स्क्रू सैल करून उतरवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेलसह ठेवले. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल पिऊन घेतली असे समजायचे आणि मंद आचेवर भाजून ते पुन्हा निळे करून घ्यायचे. आषाढात हे दर आठवड्याला करावे लागले. काम करायचे असेल तेव्हाच डोके काढतो, काम संपले की परत डब्यात ठेवतो. याचा कंटाळा येतो हे खरे. पण श्रावणअखेर टॉर्चच्या उजेडात प्रत्येक भिंग तिरके धरून तपासले आणि एकही धागा आढळला नाही. डोके सहज उतरवता आणि बसवता येते, याचे श्रेय यंत्राच्या रचनेला द्यायला हवे. विजेच्या बाबतीतही तक्रार नाही. दिवे १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे वीज गेली की छोट्या बॅटरीवर काम सुरू ठेवता येते, आणि सत्तरीत पावसाळी संध्याकाळी याचे मोल किती, हे सांगण्याची गरज नाही.

यंत्राची मर्यादा जिथे येते तिथून वर्णनाचे पुढचे काम सुरू होते आणि ते यंत्र घेण्यापूर्वीच लक्षात घेतले पाहिजे. नवी जाती म्हणून वर्णन करायचे असेल तर माशीचे अवयव सुटे करून, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ भाग विरघळवून, लवंगेच्या तेलात पारदर्शक करून, कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेखाली काचपट्टीवर कायमचे बसवावे लागतात आणि ४०० पटीच्या साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नराच्या जननांगांचे तपशील त्याशिवाय कळत नाहीत. म्हणजे एका यंत्राच्या खर्चाने हे काम भागत नाही. मात्र हे विच्छेदनसुद्धा स्टिरिओ मायक्रोस्कोपखालीच करावे लागते आणि तिथे हे यंत्र पुन्हा कामाला येते. जोडभिंगाविना भिंग आणि बशी यांच्यात सुमारे १०० मिलिमीटर जागा मोकळी राहते, दोन्ही हातांत सुया धरून सहज काम करता येते. जोडभिंग लावले की ती जागा ३० मिलिमीटरच्या आसपास उरते आणि सुया भिंगाला लागू लागतात. पंख सुटा करण्यासाठी २५ ते ३० पट वर्धन मला सर्वांत सोयीचे वाटले.

कागदोपत्री बाजूही थोडी सांगतो, कारण वर्णन लिहिण्याच्या इच्छेने यंत्र घेणाऱ्याला ती लागेल. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीसाठी नामधारक नमुना (ज्याच्याशी त्या जातीचे नाव कायमचे जोडले जाते तो नमुना) स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार ते लिहावे लागते. आपल्याकडील २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या जातीची सूचना आणि तिचे नमुने नियुक्त संस्थेकडे सोपवणे बंधनकारक केले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ सालापासूनची संस्था कोलकात्याला आहे आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला आहे. म्हादई, मोले किंवा खोतीगाव अशा अभयारण्यांतून काहीही गोळा करायचे तर आधी वनखात्याची परवानगी हवी; मी स्वतःच्या बांधाबाहेर गेलेलो नाही. आणि मराठी वाचकाला आवडेल अशी एक गोष्ट: नाव लॅटिन लिपीत असले पाहिजे, परंतु वर्णन कोणत्याही भाषेत लिहिलेले संहितेला मान्य आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेत लिहावे, ही तिची केवळ शिफारस आहे. १७ क्रमांकाच्या कुपीचे वर्णन मराठीत लिहिताना मांडी, नळी, ढाल, लव, खोबण असे घरचेच शब्द हाताशी आले आणि कुठेही अडल्यासारखे झाले नाही.

ज्यांना फुलपाखरे, भुंगे, मुंग्या पाहायच्या आहेत, त्यांनी हे यंत्र डोळे झाकून घ्यावे. त्यांना जोडभिंगाचीही गरज नाही. शाळांनी तर ते अवश्य घ्यावे, कारण बारावीच्या मुलाला संतुलक प्रत्यक्ष दाखवता येणे ही लहान गोष्ट नाही. माझ्यासारख्यांनी, ज्यांना एक मिलिमीटरच्या आतल्या माश्यांची नावे लावायची आहेत, त्यांनी जोडभिंग आणि मापपट्टी यांच्यासह घ्यावे, पहिल्या आठवड्यात लोलकांची जुळणी तपासावी, आणि जुना का होईना, एक संयुक्त सूक्ष्मदर्शक शोधायला लागावे. विक्रीपश्चात सेवेला मी पाचांपैकी अडीच गुण देईन, भिंगांना चार, खालच्या दिव्याला पूर्ण पाच.

१७ क्रमांकाच्या माशीच्या वर्णनात सध्या एकोणीस वाक्ये आहेत. त्यांतली बारा पेनने लिहिलेली आहेत आणि सात पेन्सिलीने. आंब्यावरच्या घरट्याजवळ मी आठवड्यातून दोनदा सकाळी नऊच्या सुमारास उभा राहतो, कारण नर अजून एकही हाती लागलेला नाही.